रेडबर्ड ते ग्रीन हॉर्नेट : पुठ्ठ्याच्या गाड्यांच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2025

आज सुरुवात. न्यूयॉर्क सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, मोडीत निघालेल्या गाड्यांपैकी निदान चार पुठ्ठ्यातून उभ्या करायच्या. प्रमाण 1:50. म्हणजे 51 फुटांचा डबा 31 सेंटिमीटरचा होईल आणि 60 फुटांचा साडेछत्तीसचा. 1:87 घेतलं असतं तर जागा वाचली असती, पण त्या मापात खिडकीची चौकट कापताना हात थरथरतो, हे मागच्या वेळी कळलंय.

पहिली गाडी कोणती, हा प्रश्नच नव्हता. 2002 च्या उन्हाळ्यात कामानिमित्त काही महिने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होतो आणि रोज 7 नंबरच्या लाइनने जायचो. तेव्हा तिच्यावर ‘रेडबर्ड’ धावत होत्या, गडद लाल रंगाच्या. मी चढायचो तो डबा एकटा असायचा. बाकीचे डबे दोन-दोनच्या जोड्यांत कायमचे जोडलेले. 7 ची गाडी मात्र 11 डब्यांची, आणि जोड्यांतून 11 कधीच जमत नाहीत. म्हणून त्या लाइनसाठी 1963 मध्ये 40 सुटे डबे मुद्दाम बनवून घेतले होते, आर-33 एस या मॉडेलचे. जोडीच्या डब्यांना पुढे एसी बसवला, या सुट्या डब्यांना मिळाला नाही. त्यामुळे ऐन जुलैमध्ये गर्दी इतर डब्यांत आणि इथे बसायला जागा. छताला पंखे, खिडक्या खाली सरकवलेल्या, आणि क्वीन्सबरो प्लाझाच्या उंच वळणावर चाकं रुळाला घासून किंचाळायची तो आवाज थेट आत. मला तो डबा हवाय.

9 फेब्रुवारी

दोन्ही बाजूंचे कापे काढले. एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे दोन थर: बाहेरच्यात खिडक्या नेमक्या मापाच्या, आतल्यात दोन मिलिमीटर मोठ्या, म्हणजे मध्ये पारदर्शक शीट बसायला खाच मिळते. एका बाजूला तीन दारं. रुंदी 53 मिलिमीटर, कारण सबवेच्या ज्या भागात 7 नंबर येते त्याचे बोगदे 1904 च्या मापाचे आहेत. डबा पावणेनऊ फुटांपेक्षा रुंद चालत नाही. शहराच्या दुसऱ्या भागातल्या लाइन नंतर बांधल्या, तिथे 10 फूट रुंदीचे डबे जातात. एकाच शहरात दोन मापं, आणि ती आजही तशीच आहेत. लहान मापाची गाडी मोठ्या बोगद्यातून जाईल, पण फलाटापासून इतकी लांब राहील की माणूस मधल्या फटीत पडेल.

10 फेब्रुवारी

गोंद जास्त झाला. एक बाजू रात्रीतून केळ्यासारखी वाकली. टाकून दिली.

16 फेब्रुवारी

नवी बाजू. या वेळी गोंद पातळ हात देऊन लावला आणि दोन जाड शब्दकोशांखाली 24 तास दाबून ठेवला. सरळ आली.

रंगाचा विचार आठवडाभर डोक्यात घोळतोय. मला आठवते ती गाडी लाल. पण ती लाल जन्मलीच नव्हती. 1964-65 च्या जागतिक मेळ्यासाठी, फ्लशिंग मेडोजला पाहुणे नेण्यासाठी ही गाडी घेतली, तेव्हा तिचा रंग फिकट निळा आणि पांढरा होता. लोक तिला तेव्हा ब्लूबर्ड म्हणायचे. सत्तरच्या दशकात चंदेरी रंग आणि निळा पट्टा. त्यावर स्प्रेने लिहिलेल्या नावांचे थर. ते झाकायला ऐंशीच्या सुरुवातीला पूर्ण पांढरी केली, तर पांढऱ्यावर अक्षरं आणखीच उठून दिसू लागली. शेवटी डेव्हिड गन न्यूयॉर्क सिटी ट्रान्झिट अथॉरिटीचे प्रमुख असताना हा गडद लाल आला, ज्यावरून रंग पुसणं सोपं होतं. 12 मे 1989 रोजी लिखाणाने भरलेली शेवटची गाडी सेवेतून काढली.

तर ठरवलं: सगळे रंग क्रमाने द्यायचे. निळा, चंदेरी, थोडं स्प्रेचं लिखाण, पांढरा, लाल. आणि मग एका दाराशी, जिथे माणसांचे खांदे घासतात, तिथे पॉलिश पेपरने घासून आतले थर उघडे करायचे.

2 मार्च

पाच रंग, पाच रविवार लागतील असं वाटलं होतं. ॲक्रिलिक पातळ करून लावला तर एका दिवसात दोन थर बसतात. आज लाल चढला. चंदेरी जरा जाड बसला होता, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यात गोळा झालाय. तसाच राहू दे. खऱ्या डब्यावरही रंगाचे ओघळ असायचे.

संध्याकाळी पॉलिश पेपर घेतला. अंगठ्याएवढ्या जागेत लालखाली पांढरा, पांढऱ्याखाली कुणीतरी लिहिलेल्या नावाचा जांभळा तुकडा, मग चंदेरी, मग अगदी आतला निळा. झाडाच्या खोडाची वलयं दिसावीत तसं. बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

3 मार्च

मुलगी शाळेतून आली आणि डबा खिडकीशी नेऊन पाहिला. मग विचारलं, “बाबा, ही खरी गाडी आता कुठे असते?”

“समुद्रात.”

तिला वाटलं, मी काहीतरी गोष्ट सांगतोय. पण खरंच आहे ते. शेवटची रेडबर्ड 3 नोव्हेंबर 2003 रोजी 7 नंबरवर धावली, आणि त्याच्या दोन वर्षं आधीपासून, ऑगस्ट 2001 पासून, जुने डबे अटलांटिकमध्ये सोडायला सुरुवात झाली होती. दारं, काचा, बोग्या (म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे), तेल-वंगण सगळं काढून घ्यायचं आणि नुसता पोलादी सांगाडा तराफ्यावरून पाण्यात ढकलायचा. डेलावेअरच्या किनाऱ्यापुढे सुमारे 80 फूट खोलीवर असे 700 हून अधिक डबे आहेत. त्या जागेचं नावच रेडबर्ड रीफ, रीफ म्हणजे पाण्याखालचा खडक. तिथला तळ सपाट वाळूचा, शिंपल्यांना चिकटायला काही नव्हतं. आता डब्यांच्या भिंतींवर शिंपले आणि स्पंज वाढतात, आणि माशांना लपायला दारं-खिडक्या आहेत.

“म्हणजे मासे बसतात तुझ्या सीटवर?” सीट काढून घेतल्या असाव्यात, हे मी तिला सांगितलं नाही.

2003 च्या हिवाळ्यात ही बातमी वाचली तेव्हा मी परत आलो होतो. आपण ज्या खिडकीला डोकं टेकून रोज झोपायचो ती खिडकी भंगारात जाईल याची तयारी मनाने केलेली असते. समुद्राची नव्हती.

15 मार्च

दुसरी गाडी: आर-32, ‘ब्रायटलाइनर’. बड कंपनीने फिलाडेल्फियात 600 डबे बनवले, स्टेनलेस स्टीलचे, अंगावर आडव्या पन्हळी, रंगच नाही. पन्हळी शोभेसाठी नाहीत. पातळ पत्र्याला घड्या पडल्या की तो ताठ होतो, म्हणून कमी वजनात मजबुती मिळते. 9 सप्टेंबर 1964 ला पहिली गाडी ग्रँड सेंट्रलला लोकांपुढे आणली, तीही सबवेने नव्हे, मोठ्या रेल्वेच्या रुळांवरून.

पन्हळी काढायला शाई संपलेलं बॉलपेन वापरलं. ॲल्युमिनियमची जाड फॉइल मऊ रबरावर ठेवायची, पट्टी लावून दाबून ओढायचं, दीड मिलिमीटर सोडून पुन्हा. एका बाजूला कितीतरी रेघा. पट्टी जरा हलली की तो पट्टा फुकट. चार पट्टे फुकट गेले. पाचवा झाला तेव्हा टेबलावरच्या दिव्याचा उजेड त्यावर पडून असा लांबलचक चमकला, की नाव ब्रायटलाइनर का पडलं ते डोळ्यांनाच कळलं.

23 मार्च

आर-32 चं तोंड केलं. या गाडीच्या पहिल्या डब्यात मोटरमनची केबिन अर्ध्याच रुंदीची. मधल्या दाराला काच, आणि प्रवासी त्या काचेला नाक लावून समोरचा बोगदा पाहू शकायचा. सिग्नल लालचे हिरवे होताना, समोरून स्टेशन लांबच्या ठिपक्यासारखं उगवून मोठं होताना, दुसरी गाडी बाजूच्या रुळावर बरोबरीने धावताना. माझ्या लाल डब्यालाही असंच दार होतं, पण तो गाडीच्या मधे असला की काचेतून पुढचा डबाच दिसायचा. नंतरच्या गाड्यांत केबिन पूर्ण रुंदीची झाली. मोटरमनच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पुढचं पाहायला मिळालं म्हणून जी मुलं आयुष्यभर गाड्यांच्या प्रेमात पडली, त्यांची जागा गेली. माझ्या मते नव्या गाड्यांत जे सगळ्यात जास्त हरवलं ते हे. आवाज नव्हे, वेताच्या सीटही नव्हेत.

2020 च्या वसंतात आर-32 निवृत्त झाली, त्याच उन्हाळ्यात नव्या गाड्या तपासणीसाठी बाजूला काढाव्या लागल्या तर हिलाच परत बोलावलं. शेवटची फेरी 9 जानेवारी 2022. सत्तावन्न वर्षं.

आणि एक विचित्र गोष्ट. जमिनीवर एवढी टिकलेली ही स्टेनलेसची गाडी समुद्रात टिकली नाही. 2008 मध्ये न्यू जर्सीपुढे सोडलेले स्टेनलेस डबे काही महिन्यांतच ढासळले आणि तिथलं काम थांबवावं लागलं. साध्या पोलादाच्या रेडबर्ड त्यापेक्षा कितीतरी चांगल्या उभ्या राहिल्या.

5 एप्रिल

आर-40. हिच्या दोन्ही टोकांना उतार आहे, तोंड तळाकडून छताकडे दहा अंश मागे झुकलेलं. औद्योगिक डिझायनर रेमंड लोवी यांच्या कार्यालयाचा आराखडा, 1968 मध्ये सेवेत. डबा उभा असतानाही पळतोय असं वाटावं, इतकी देखणी. पुठ्ठ्यात हा कोन काढताना बाजू साडेआठ मिलिमीटरने तिरकी कापावी लागते.

दोन डबे टोकाला टोक लावून ठेवले आणि तेव्हा दोष दिसला, जो कागदावर कधी दिसला नव्हता. खाली कपलिंगपाशी अंतर नेहमीचंच, पण वर छताशी दोन्हीकडचे साडेआठ मिळून 17 मिलिमीटरची जास्तीची फट. खऱ्या मापात 85 सेंटिमीटर. धावत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाताना धरायला जवळ काही नाही. सेवेत आल्यावर लवकरच तिच्या टोकांना कठडे आणि जाळीची फाटकं बसवावी लागली, आणि पुढच्या खेपेचे काही डबे सरळ तोंडाचेच बनवून घेतले. मुलीने बोटांची दोन माणसं करून एका डब्यातून दुसऱ्यात चालवून पाहिली. दोन्ही पडली.

मला तरीही ही गाडी आवडते. कठड्यांसकट बनवणार आहे. तांब्याच्या बारीक तारेचे कठडे, प्रत्येक टोकाला चार.

12 एप्रिल

कठडे चिकटत नाहीत. तार गुळगुळीत, डिंक धरत नाही. टोकं पॉलिश पेपरने घासली आणि पुठ्ठ्याला सुईने भोकं पाडून आत घुसवली. झालं.

26 एप्रिल

आता चौथी. सुरुवातीला ठरवलं होतं आर-11, आणि तिचं काम झालंही. गोल खिडक्यांच्या दारांची, 1949 ची गाडी, फक्त दहा डबे. प्रत्येकी लाख डॉलर, म्हणून तिला मिलियन डॉलर ट्रेन म्हणत. सेकंड ॲव्हेन्यूखालून जायची नवी लाइन येणार होती, तिच्या शेकडो डब्यांचा हा नमुना. डब्यातली हवा धूळ काढून, अतिनील दिव्याखालून जंतू मारून फिरवायची सोय होती. लाइन आली नाही, उरलेले डबेही आले नाहीत. सेकंड ॲव्हेन्यूचा पहिला टप्पा सुरू झाला 1 जानेवारी 2017 रोजी, तोपर्यंत या दहांपैकी एकच डबा उरला होता, 8013 क्रमांकाचा, ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये. ते संग्रहालयही एका बंद पडलेल्या सबवे स्टेशनातच आहे. आणि मे 2020 मध्ये साथीच्या दिवसांत त्याच शहराने गाड्या निर्जंतुक करायला अतिनील दिवे वापरून पाहिले.

गोल खिडक्यांसाठी कागदाला भोकं पाडायचं पंच मशीन बरोबर मापाचं निघालं. कष्ट वाचले.

पण ही गाडी बनवताना मन दुसरीकडेच गेलं. रेडबर्ड, ब्रायटलाइनर यांना रडणारे पुष्कळ आहेत, कारण लाखो माणसं त्यांत बसली. ज्यांत फार थोडे बसले त्यांना कोण आठवणार? आर-11 चं एक तरी अंग शिल्लक आहे. काहींचं तेही नाही.

27 एप्रिल

पाचवी बनवतोय. ठरवलं. ग्रीन हॉर्नेट.

4 मे

आधी ती का होती ते लिहून ठेवतो, नाहीतर हिची गंमत कळणार नाही. तीसच्या दशकात ब्रुकलिनकडची सबवे बीएमटी नावाची खाजगी कंपनी चालवायची. तिच्याकडे रस्त्यांवर खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या उंच लाइनही होत्या. त्यांचे खांब लाकडी डब्यांच्या काळातले, सबवेचे पोलादी डबे त्यांना पेलत नव्हते. म्हणजे दोन वेगळ्या गाड्या पोसायच्या. मग कंपनीने विचार केला, बोगद्यातही चालेल आणि जुन्या खांबांवरही चालेल अशी हलकी गाडी का नको? 1934 मध्ये दोन नमुने आले. बडने स्टेनलेसचा बनवला, तो झेफायर. पुलमन कंपनीने ॲल्युमिनियमचा, हिरव्या रंगाचा, तो ग्रीन हॉर्नेट. दोन्ही पाच भागांच्या सलग गाड्या. प्रत्येक सांध्याखाली एकच बोगी, दोन भागांनी वाटून घेतलेली. दहा बोग्यांचं काम सहा बोग्यांवर. वजन कमी, आणि वळण आलं की गाडी साखळीसारखी वळते.

प्रयोग फसला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यावरूनच 1936 मध्ये 25 गाड्या घेतल्या गेल्या. 1940 च्या जूनमध्ये शहराने कंपनी ताब्यात घेतली आणि कंपनीचे पुढचे बेत गुंडाळले. ब्लूबर्ड नावाची (माझ्या लाल डब्याचं जुनं टोपणनाव तेच, पण गाडी वेगळी) आणखी एक हलकी गाडी 50 मागवली होती, मूळ नमुन्याखेरीज पाचच आल्या. झेफायर 1954 पर्यंत तरी धावली. ग्रीन हॉर्नेटला तेवढंही आयुष्य मिळालं नाही. महायुद्धात ॲल्युमिनियमची गरज होती, म्हणून ती मोडून वितळवली. म्युझियममध्ये नाही, समुद्रात नाही.

आणि 1 फेब्रुवारी 2024 ला न्यूयॉर्कमध्ये आर-211 टी सेवेत आली. पाच डब्यांच्या एका संचात डब्याडब्यांमध्ये दारं नाहीत, संचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जाता येतं. तिची बातमी मी पाहिली तेव्हा सगळ्यात आधी हिरवी गाडीच आठवली.

11 मे

हिला पुठ्ठा चालणार नाही. पेयांचे रिकामे डबे जमवतोय. ॲल्युमिनियमचा पत्रा, कागदाइतका पातळ, कात्रीने कापतो. वितळवलेलं ॲल्युमिनियम पुन्हापुन्हा वापरात येत राहतं. त्या गाडीतला एखादा कण फिरत फिरत माझ्या हातात आला असेल असं मी म्हणत नाही. पण हिच्यासाठी हीच वस्तू योग्य.

पत्रा सपाट करायला गरम इस्त्री, मध्ये सुती कापड. कडा धारदार, बोट कापलं. मुलीला या कामात हात लावू दिला नाही, ती रागावली. तिला बोग्या दिल्या.

25 मे

पाचही भागांचे सांगाडे झाले. आत पुठ्ठ्याच्या फासळ्या, बाहेर पत्रा. दोन भागांवर हिरवा चढवला. मधला भाग रंगवायचा नाही असं ठरवलंय. उघडं ॲल्युमिनियम दिसू दे.

8 जून

बोग्या सहाच. मुलीने बनवल्या, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि काडीचे आस. चाकं थोडी वाकडी फिरतात. पहिल्या आणि शेवटच्या बोगीवर एकेक टोक, मधल्या चार बोग्यांवर दोन-दोन भागांची टोकं. सांध्याला बटणाच्या आकाराची चकती आणि मधून खिळा. पहिला सांधा घट्ट झाला, वळेना. खिळा सैल केला आणि मध्ये मेण लावलं.

21 जून

सगळ्या गाड्या फळीवर मांडायला घेतल्या. भिंतीवरची फळी 90 सेंटिमीटरची. लाल डबा, त्याच्या शेजारी ब्रायटलाइनर. आर-11 वरच्या फळीवर. खालच्या फळीवर तिरक्या तोंडाचे दोन डबे, आपापल्या कठड्यांसह.

ग्रीन हॉर्नेट मीटरभर लांब आहे, हे मी मोजलेलं होतं आणि तरी विसरलो होतो. कुठल्याच फळीवर मावेना. दुसऱ्या भिंतीवर नवी फळी ठोकावी का, हे पाहत होतो.

मुलीने ती उचलली. खोलीच्या कोपऱ्यात दोन फळ्या काटकोनात भेटतात, तिथे नेली. पहिले दोन भाग एका फळीवर ठेवले आणि हळूच ढकलत राहिली. उघडा, न रंगवलेला तिसरा भाग बरोबर कोपऱ्यावर आला, सांधा वळला, आणि उरलेले दोन भाग दुसऱ्या भिंतीच्या फळीवर जाऊन उभे राहिले. एकही चाक घसरलं नाही.